बाळाला उपाशी ठेवणारा सोवळेपणा

आज बडोद्यातल्या दांडिया बाजारात एका ओळखीच्या घरी चैत्रगौरीचे हळदीकुंकू होते. कैरीची डाळ खाऊन झाली होती, हातात पन्ह्याचा पेला होता, आणि शेजारी बसलेल्या एका बाईंनी माझ्या भाचीचा विषय काढला. "तीच ना, दारू पिऊन मुलाला पाजणारी?" एवढेच त्या बोलल्या. आजूबाजूच्या दोघीतिघींनी चेहऱ्यावर हळहळ आणली, पण एकीनेही नेमके काय घडले ते विचारले नाही. सणाच्या घरी शब्दाने शब्द वाढू नये म्हणून मी तेथे गप्प बसले, पण घरी आल्यापासून जिवाची तगमग थांबत नाही. त्या बाई माझ्या मित्रयादीत आहेत आणि त्यांनी हे शेवटपर्यंत वाचावे अशी माझी इच्छा आहे. भाचीला विचारूनच लिहीत आहे.

गेल्या हिवाळ्यात तिच्या दिराचे लग्न नाशिकला झाले. बाळ तेव्हा पाच महिन्यांचे होते आणि आईच्या दुधाखेरीज त्याच्या पोटात दुसरे काही जात नव्हते. संगीताच्या रात्री तिने त्याला पोटभर पाजून झोपवले आणि मग नऊच्या सुमारास जेवताना एक पेला वाइन घेतली. दुसरा पेला तिने घेतला नाही. कोणीतरी फोटो काढून कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, आणि जेवणाची ताटे उचलली जाण्याआधीच तिच्या आत्येसासूबाईंनी निकाल देऊन टाकला की आता दोन दिवस बाळाला अंगावर घ्यायचे नाही, विष उतरू दे. रात्रीच कोणाला तरी पिटाळून पावडरच्या दुधाचा डबा आणवला गेला.

साडेबाराला बाळ भुकेने उठले. बाटलीचे निपल त्याने जिभेने बाहेर ढकलले, पुन्हा तोंडात दिले तेव्हा पुन्हा ढकलले, आणि मग रडून रडून त्याचा आवाज बसला. पलीकडच्या खोलीत त्याचे रडणे ऐकून आईला पान्हा फुटत होता, ब्लाउज भिजत होता, आणि ती हाताने पिळून जेवढे निघेल तेवढे दूध बेसिनमध्ये ओतत होती, कारण ते नासलेले दूध काढून टाकलेच पाहिजे असे तिला बजावले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिची उजवी बाजू दगडासारखी कडक झाली, काखेपर्यंत ठणका लागला आणि १०२ ताप चढला. बडोद्याला परतल्यावर डॉक्टरीणबाईंनी तपासले तेव्हा तो स्तनदाह निघाला. त्यांनी औषध लिहून देण्याआधी बाळाला तिच्या मांडीवर दिले आणि तेथेच पाजायला लावले, कारण दूध निघत राहिले नाही तर दुखणे आणखी वाढते. वाइनच्या पेल्यातून त्या मुलाला काहीही झाले नव्हते. त्याचे जे हाल झाले ते आपल्या माणसांच्या अज्ञानाने आणि धाकाने झाले.

आता दूध आणि दारू यांचा संबंध नेमका काय आहे तो समजून घ्या. आईने घेतलेली दारू रक्तात जाते आणि रक्तातून दुधात उतरते, हे खरे आहे. दुधातले तिचे प्रमाण साधारणपणे त्या घटकेला रक्तात असते तेवढेच असते. प्यायल्यानंतर अर्ध्या ते एका तासात ते सर्वांत जास्त असते, भरल्या पोटी घेतली असेल तर थोडे उशिरा, आणि मग रक्तातले प्रमाण जसजसे उतरते तसतसे दुधातलेही आपोआप उतरते. म्हणून दूध पिळून फेकल्याने ते लवकर शुद्ध होते ही समजूत खोटी आहे. दूध दाटून त्रास होऊ लागला तर आराम पडावा म्हणून काढावे, पण दारू उतरते ती फक्त वेळ गेल्यानेच. एका मापाला, म्हणजे वाइनचा दीडशे मिलिलिटरचा पेला, साध्या बियरचे साडेतीनशे मिलिलिटर किंवा व्हिस्की-रमचे पंचेचाळीस मिलिलिटर यांपैकी कोणत्याही एकाला, निदान दोन तास थांबावे असा सल्ला अमेरिकेतील सीडीसी ही सरकारी आरोग्यसंस्था देते, आणि दिवसाला एका मापाच्या आत राहिल्यास बाळाला अपाय होत असल्याचे आढळलेले नाही असेही सांगते. दोन मापे घेतली तर चार-पाच तास लागतात, आणि अंगाने किरकोळ असलेल्या बाईला त्याहूनही अधिक. भाचीचा पेला साडेनऊला संपला होता आणि बाळ साडेबाराला उठले. तीन तास झाले होते. तिने त्याला त्या घटकेला निर्धास्तपणे जवळ घेता आले असते.

मुळीच न पिणे हेच सर्वांत सुरक्षित, हे मला मान्य आहे, आणि सीडीसीदेखील पहिले वाक्य तेच लिहिते.

मात्र मापाच्या बाबतीत आपल्याकडे फार गफलत होते, म्हणून तेही सांगते. आपल्याकडची ६५० मिलिलिटरची स्ट्राँग बियरची आख्खी बाटली म्हणजे एक माप नव्हे, ती जवळजवळ तीन मापे होतात. साठ मिलिलिटरचा मोठा पेग एका मापाहून जास्त भरतो. आणि गरोदरपणाचा नियम वेगळा आहे, तो यात मिसळू नये. पोटात बाळ असताना कोणतेही प्रमाण सुरक्षित मानलेले नाही, तेथे एक घोटही नको.

आता ज्यांनी माझ्या भाचीला नावे ठेवली त्यांना मला एक विचारायचे आहे. हेच बाळ तीन महिन्यांचेही नव्हते तेव्हा त्याला सर्दी झाली होती. त्या वेळी याच आत्येसासूबाईंनी कपाटाच्या वरच्या खणात औषध म्हणून जपून ठेवलेली ब्रँडी काढली, थोडी त्याच्या छातीला चोळली आणि अर्धा चमचा कोमट पाण्यातून त्याच्या तोंडात घातली. घरातल्या सर्वांनी ते पाहिले आणि कोणालाही त्यात वावगे वाटले नाही. हिशेब करून पाहा. एक पेला वाइन प्यायलेल्या सडपातळ बाईच्या दुधात, अगदी वाईटातल्या वाईट घटकेलाही, शंभर मिलिलिटरमागे पन्नास मिलिग्रॅमच्या आसपास अल्कोहोल असेल. अर्ध्या चमचा ब्रँडीत ते पाऊण ग्रॅमहून अधिक असते, म्हणजे पंधरा पटींहून जास्त. तेही थेट बाळाच्या पोटात, ज्याचे यकृत पहिल्या तीन महिन्यांत मोठ्या माणसाच्या निम्म्या वेगानेच दारूचा निचरा करू शकते. एवढे करूनही आत्येसासूबाई घरातल्या अनुभवी बाई ठरल्या आणि भाची मात्र दारू पाजणारी ठरली.

बाळंतिणीच्या खोलीतल्या दशमूलारिष्टाची बाटलीही एकदा हातात घेऊन वाचा. दहा मुळांचा काढा धायटीची फुले घालून आंबवतात, त्यातून अल्कोहोल आपोआप तयार होते, आणि पाच ते दहा टक्के असल्याचे बाटलीवर छापलेलेही असते. माझ्या आईने मला सव्वा महिना ते दोन्ही वेळा जेवणानंतर दिले होते, आणि मी ते घेऊन मुलीला पाजत होते. मी त्याविरुद्ध नाही, वैद्यांनी सांगितले असेल तर अवश्य घ्यावे. दिवसाला दोनदा पंधरा-पंधरा मिलिलिटर घेतले तर त्यातले अल्कोहोल वाइनच्या एका पेल्याच्या फार तर सहाव्या भागाइतके होते. पण तेवढे अल्कोहोल रोज, सव्वा महिना, नवजात बाळाच्या आईला आपण हाताने पाजतो आणि पाच महिन्यांच्या बाळाची आई वर्षाकाठी एक पेला घेते तेव्हा तिच्या आईपणावरच शिंतोडे उडवतो, हे मला सहन होत नाही.

हे लिहिताना आत्येसासूबाईंचा चेहरा डोळ्यांसमोर येतो आणि त्यांच्यावर रागावणे मला पुरते जमत नाही. त्यांच्या तरुणपणी त्यांच्या घरात दारू होती ती नवऱ्याच्या हातात होती. दारूबंदीच्या याच शहरात तो लठ्ठा, म्हणजे चोरून गाळलेली दारू, पिऊन यायचा, पगार वाटेतच संपवायचा, आणि या बाई तान्ह्या मुलाला पदराखाली घेऊन शेजाऱ्यांच्या ओट्यावर रात्र काढायच्या. त्यांच्या मनात दारू आणि तान्हे मूल या दोन गोष्टी एकत्र आल्या की जे चित्र उभे राहते त्यात वाइनचा एक पेला आणि दोन तासांचा हिशेब कोठून येणार? त्या रात्री नाशिकला रडणाऱ्या बाळाला खांद्यावर घेऊन त्या एकट्याच फेऱ्या घालत होत्या, दुसरे कोणीही उठले नाही. त्यांनी जे केले ते मायेपोटी केले, आणि कोणी शांतपणे समजावून सांगितले असते तर त्यांनी ऐकलेही असते असे मला अजून वाटते.

पण आज माझ्याशेजारी बसलेल्या बाई शिकलेल्या आहेत, मुलांना शिकवून मोठे केलेल्या आहेत, आणि त्यांच्या वाट्याला असे काहीही आलेले नाही. त्यांना ही सूट मी देणार नाही.

आणि आता जे लिहिणार आहे ते त्या रात्रीचे सर्वांत भयंकर सत्य आहे, ज्याची कोणत्याही हळदीकुंकवात चर्चा झाली नाही. पहाटे आत्येसासूबाई थकल्या तेव्हा बाळ बापाजवळ झोपवले गेले. त्या बापाने, म्हणजे माझ्या भाचीच्या नवऱ्याने, संगीताच्या रात्री मित्रांबरोबर तीन मोठे पेग घेतले होते. एका पेल्यासाठी आईला बाळापासून तोडले आणि तीन पेगांच्या माणसाच्या कुशीत, एकाच रजईखाली, ते बाळ ठेवले. ज्याने दारू घेतली आहे त्याची झोप जड होते, कुशीवर वळताना खाली मूल आहे याची त्याला शुद्ध राहत नाही, आणि अशा माणसाजवळ झोपलेले तान्हे बाळ गुदमरून किंवा झोपेतच अचानक दगावण्याचा धोका वाढतो. दारू आणि तान्हे मूल यांच्याबद्दल ज्याला खरोखर काळजी असेल त्याने आधी अंथरुणाकडे बघावे. हा नियम आई, बाप, आजोबा, मामा, सगळ्यांना सारखाच आहे. घेतली असेल त्याने वेगळे झोपावे, आणि बाळाला त्याच खोलीत पण पाळण्यात ठेवावे. आपल्याकडे पाळणा बारशापुरता सजवतात आणि नंतर त्यात धुतलेल्या दुपट्यांचे ढीग पडतात.

बियरने दूध वाढते असे काही मुली एकमेकींना सांगतात, तेही खरे नाही. दारूमुळे पान्हा सुटायला उशीर लागतो आणि पुढचे काही तास बाळाला नेहमीपेक्षा कमी दूध मिळते, त्याची झोपही मोडते. जी आई रोज पिते, किंवा एकदा सुरू केल्यावर जिला थांबता येत नाही, तिचा प्रश्न घड्याळाने सुटणारा नाही. तिला डॉक्टरांची आणि घरच्यांच्या आधाराची गरज आहे, आणि तिलाही लाज वाटायला लावून आपण फक्त लपून प्यायला शिकवतो.

या लाजेचे मूळ आपल्या शहरातही आहे असे मला वाटते. गुजरात राज्य १९६० मध्ये झाले तेव्हापासून येथे दारूबंदी आहे, आणि ज्यांची घरे दारूने धुऊन निघाली त्यांच्याकडे पाहून मी त्या कायद्याविरुद्ध एक शब्दही बोलणार नाही. पण पुरुष आरोग्याच्या कारणासाठी परमिट काढतात, दीव-दमणच्या सहली करतात आणि बैठकीत उघडपणे त्या सांगतात. नाशिकला किंवा उदयपूरला लग्नात एक पेला घेतलेली मुलगी मात्र बडोद्यात डॉक्टरांसमोरही तोंड उघडू शकत नाही. माझी भाची तपासायला गेली तेव्हा दोन दिवस पाजणे का थांबवले याचे कारण तिने सांगितलेच नाही. प्रवासात दूध दाटले, एवढेच ती म्हणाली. डॉक्टरीणबाईंना खरे कळले असते तर त्यांनी तिला दोन मिनिटांत सगळे समजावून सांगितले असते आणि पुढचे कित्येक महिने ती स्वतःला अपराधी समजत राहिली नसती.

त्या रात्री घरातल्या एका तरी बाईने तिच्याजवळ बसून विचारायला हवे होते की किती घेतलीस, किती वाजता संपवलीस, जेवली आहेस ना, चक्कर तर येत नाही ना. उत्तरे ऐकून साडेबाराला बाळ तिच्या मांडीवर द्यायला हवे होते, आणि नवऱ्याचे अंथरूण दुसऱ्या खोलीत घालायला हवे होते.

माझ्या यादीतल्या ज्या मुली अंगावर पाजत आहेत आणि ज्यांना हा प्रश्न सासरी, माहेरी किंवा दवाखान्यात विचारायचा धीर होत नाही, त्यांनी मला मेसेज करावा. मी डॉक्टर नाही आणि कोणाला औषधपाणी सांगणार नाही. पण ओरडा न करता उत्तर देणाऱ्या डॉक्टरीणबाई मला माहीत आहेत, त्यांच्याकडे मी सोबत येईन, आणि तुम्ही आत बोलत असाल तोवर बाळाला घेऊन बाहेर बसेन.