पंधरा हजारांत जुना कॉम्प्युटर नवा करण्याचा खात्रीचा मार्ग

सगळ्यात आधी एक पथ्य पाळा: कॅबिनेटचं झाकण उघडू नका. दहा-बारा वर्षांपूर्वी ‘इंजिनिअरिंगला लागतो’ असं सांगून घरच्यांकडून उपटलेला तो आय-फाइव्ह ३४७० प्रोसेसरवाला कॉम्प्युटर. त्याच्या पंख्यावर धुळीचं घोंगडं चढलंय, हे बघून करायचंय काय? ब्रश आणि जराशी थर्मल पेस्ट लावली तर प्रोसेसर गार पडेल, गेम मधेच अडखळायचा थांबेल आणि अपग्रेडचं निमित्तच हातातून जाईल. अधूनमधून स्क्रीन काळी राहते आणि आतून पीप-पीप ऐकू येतं? फारच छान. हा कार्यक्रम वडिलांच्या कानावर पडेल असा ठेवा. मार्केट यार्डातून हळदीची पट्टी आली त्या संध्याकाळी, चहा झाल्यावर.

पंधरा हजार मंजूर झाले की एक मित्र हमखास येतो आणि ‘आधी एसएसडी टाक’ म्हणतो. त्याला भडंग खायला घालून वाटेला लावा. तो म्हणतो ते खरं आहे, तीच तर अडचण आहे. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० वेळा फिरते आणि त्यावरची सुई फाईल शोधत इकडून तिकडे पळत असते. एसएसडीत सगळं चिपवर, फिरणारं काहीच नाही. तुमच्या एच-६१ मदरबोर्डावर साटा, म्हणजे डिस्क जोडायची जागा, जुन्या पिढीची आहे, म्हणजे एसएसडीचा निम्माच वेग मिळेल, तरी विंडोज चालू होईपर्यंत आंघोळ उरकायची सवय मोडेल. पण एसएसडीला ना पंखा, ना रंगीत दिवे. पोरं घरी आली तर दाखवणार काय? रॅमचा एक स्लॉट रिकामा आहे, तोही तसाच राहू द्या. तिथे आहे त्याच जातीची दुसरी डीडीआर-३ पट्टी बसवली तर दोन्ही मिळून काम करतात, पण सेकंडहँड पट्टी घेतल्याचं कुणाला सांगणार?

तुम्ही थेट ग्राफिक्स कार्डाला हात घाला. त्याआधी जुनं जीटीएक्स ७५० टीआय विकून मोकळे व्हा. बिचारं २०१४ सालचं. ६० वॅटवर भागवायचं, तेही बोर्डाच्या स्लॉटमधूनच घ्यायचं, वेगळी वायर कधी मागितली नाही. एवढ्या गरीब स्वभावाचं कार्ड घरात शोभत नाही.

आता आठ जीबीचं आरएक्स ५८० शोधा. २०१७ चं कार्ड आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने कार्डांवर नाणी पाडायचं मायनिंग बंद केलं आणि रात्रंदिवस तापलेली असली कार्डं ढिगाने बाजारात आली. विकणारा ‘घरगुती वापर, एकहाती’ म्हणेल. सेकंडहँड बुलेटलाही हेच म्हणतात, तेव्हा विश्वास ठेवा. भेटायची जागा मिरज जंक्शनच्या बाहेर ठरवा, म्हणजे कार्ड लावून बघायचा प्रश्नच येत नाही, शिवाय त्याला गाडी पकडायची असते. खोक्यावर बारीक अक्षरात ‘२०४८ एसपी’ दिसलं तर वाचू नका. एसपी म्हणजे कार्डातले चित्र काढणारे छोटे प्रोसेसर, मूळ कार्डात ते २३०४ असतात. नाव तेच ठेवून आतला माल कमी केलेली ही आवृत्ती आहे. घरी येऊन कार्डाची खरी जात सांगणारं जीपीयू-झेड चालवलं की सगळं समजतं, म्हणून तेही चालवू नका.

वीज पुरवणाऱ्या डब्याकडे, म्हणजे एसएमपीएसकडे, बघायचंच नाही. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला आहे, वर ठळक ‘४५० वॅट’ छापलंय, आणखी काय पाहिजे? त्याच्या बुडाशी एक तक्ता असतो. त्यात १२ व्होल्टसमोर १४ अँपिअर लिहिलेले सापडतील. चौदा बारे १६८ वॅट. कार्ड आणि प्रोसेसर जेवतात ते मुख्यतः याच ताटात. एकट्या कार्डाला लागतात १८५, प्रोसेसरचे ७७ वेगळे. चौथीतल्या पोरालाही जमणारी बेरीज आहे, म्हणूनच इंजिनिअर माणसाने ती करू नये. कार्डाला आठ पिनांची वायर लागते, ती या एसएमपीएसला नसतेच. चाळीस रुपयांचा जोड आणा, चार पिनांच्या मोलेक्स वायरला जोडा, उदबत्ती लावा आणि बटण दाबा.

पहिली दहा मिनिटं जोरात जातील. गेम पळेल, पण मधेच थिजेल, कारण कारखान्याची गाळप क्षमता दुप्पट केलीत आणि ऊस आणायला तीच एक बैलगाडी ठेवलीत. आता प्रोसेसर खटकू लागेल. त्याच सॉकेटात जुना आय-सेव्हन ३७७० बसतो, पण एव्हाना तुमचं मन नव्या बोर्डावर गेलेलं असतं. नवा बोर्ड म्हणजे नवी रॅम. जुन्या पट्टीची खाचच जुळत नाही. आणि २०२५ च्या अखेरीस एआयवाल्यांच्या मागणीने रॅमचे भाव असे चढले, की बेदाण्याच्या सौद्यात बोली चढावी. शिवाय विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी लागते, तुमची तिसरी. हा सगळा हिशोब वहीच्या मागच्या पानावर मांडत असतानाच फट्ट आवाज होईल आणि खोलीभर जळका वास सुटेल.

कॅबिनेट स्कूटरवर पायांमध्ये धरून दुकानात न्या. वडील मागे बसतील, त्यांना नको म्हणू नका. दुकानातला पोरगा साधा एसएमपीएस लावेल, तुमचं कार्ड काढून बाजूला ठेवेल आणि बटण दाबेल. स्क्रीन काळी, पीप-पीप. मग तो रॅमची पट्टी उपसेल, ड्रॉवरमधून शाळेतला खोडरबर काढेल, पट्टीचे सोनेरी दात दोन्ही बाजूंनी घासेल, फुंकर मारेल आणि पट्टी परत खोचेल. विंडोज चालू होईल.

“एसएमपीएसचे द्या. घासायचं काय घ्यायचं?” असं तो म्हणेल.

वडील खोडरबरकडे बघतील, मग टेबलावरच्या कार्डाकडे. “एवढंच हुतं व्हय रं?”

तुम्ही तेवढ्यात पेट्रोल किती उरलंय ते बघायला बाहेर जा.