मजुराच्या जिवाचा भाव आणि ट्रकचे ब्रेक

अपघाताची भरपाई म्हणजे फक्त मेलेल्याच्या घरी जाणारे पैसे नव्हेत. ती निष्काळजीपणाची किंमतही असते. ही किंमत आपण चुकीची लावतोय, असं माझं स्पष्ट मत आहे.

न्यूयॉर्क बंदरात सुटून बुडालेल्या एका बार्जच्या (माल वाहणाऱ्या सपाट बोटीच्या) खटल्यात १९४७ साली न्यायाधीश लर्नेड हँड यांनी एक साधा हिशेब मांडला. अपघाताची शक्यता गुणिले संभाव्य नुकसान, यापेक्षा खबरदारीचा खर्च कमी असूनही ती घेतली नाही, तर तो निष्काळजीपणा.

यातलं 'नुकसान' आपल्याकडे कसं मोजतात ते बघा. सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनी रीत घालून दिली आहे. समजा, वय ३०, महिन्याला १५,००० कमावणारा मजूर. मागे बायको, दोन मुलं, आई. कायम नोकरी नाही आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून भविष्यातील वाढ ४० टक्के: २१,०००. चार अवलंबित, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा: १५,७५०. वर्षाचे १,८९,०००. या वयाला गुणक, म्हणजे वर्षाची रक्कम जितकी पट धरायची तो आकडा, १७. एकूण ३२,१३,०००, वर अंत्यविधी वगैरेंच्या ठरीव रकमा. त्याच जागी महिना ६०,००० कमावणारा असता, तर १,२८,५२,०००.

आता धरून चला की ट्रकच्या ब्रेकचं काम ३०,००० चं आहे आणि त्यामुळे जीव जाण्याची शक्यता २०० त एकाने घटते. मजुराच्या बाबतीत टळणारं नुकसान १६,०६५. म्हणजे ब्रेक न बदलणं 'परवडतं'! दुसऱ्याच्या बाबतीत ६४,२६०, तिथे तोच मालक निष्काळजी ठरतो. गाडी तीच, ब्रेक तेच. कामगार वस्तीतून जाणारा रस्ता मात्र स्वस्त झाला.

गुणकाची पद्धत मोडा, असं मी म्हणत नाही. तिच्यामुळे आकड्याचा अंदाज आधीच येतो, तडजोडी लवकर होतात, वकिलांचा आणि न्यायाधिकरणाचा वेळ वाचतो. पण ती मोजते कुटुंबाचं बुडालेलं उत्पन्न. गेलेला जीव तिच्या हिशेबात जवळपास नाहीच.

त्यात भरपाई भरते विमा कंपनी. थर्ड पार्टी हप्ता, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीच्या विम्याचा हप्ता, सरकार ठरवतं: खासगी कारला इंजिनच्या सीसीवर, मालट्रकला एकूण वजनावर. २०२२ च्या दरात १००० सीसीपर्यंतच्या कारला २,०९४ रुपये. चालकाने किती ठोकरा दिल्या, याचा या आकड्याशी संबंध नाही. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची सूट, मिळतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर. त्यामुळे सांभाळून चालवणाऱ्याला सूट नाही आणि बेफाम चालवणाऱ्याला झळ नाही.

म्हणून दोन गोष्टी कराव्यात. जीव गेल्याबद्दल उत्पन्नाशी न बांधलेली, सर्वांना सारखी आणि भरीव रक्कम वेगळ्या शीर्षाखाली द्यावी. आणि थर्ड पार्टी हप्ता वाहनमालकाच्या मागच्या तीन वर्षांतल्या दाव्यांवर चढता-उतरता ठेवावा. सुरुवात मालट्रक आणि बसपासून करावी.