निषिद्ध मंत्र, पण कोणाला?

नमस्कार. प्रतिक्रिया मन लावून लिहिलीत, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतो. तुमचे आक्षेप दोन. डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या फासे टाकून गोष्ट रचण्याच्या खेळात मी जे कॅम्पेन, म्हणजे भागाभागाने चालणारी कथा, चालवतो, त्यातलं देवस्थान जादू करणाऱ्यांना हद्दपार करतं ती युरोपातल्या चर्चची नक्कल आहे, आपल्याकडे मंत्रविद्येवर कधी बंदी नव्हतीच, हा पहिला. अशा खेळांतून पोरांच्या डोक्यात जादूटोणा भरतो, हा दुसरा.

दुसरा आधी उरकतो. आमच्या टेबलावरचं सगळ्यात लहान पोर 31 वर्षांचं आहे आणि त्याच्या डोक्यात घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकशिवाय काही शिरत नाही. अमेरिकेत 1980 च्या दशकात हीच ओरड झाली होती. 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत डी अँड डीवाल्यांनी 'डेमन' आणि 'डेव्हिल' हे शब्दच गाळले आणि पुढे त्यांना तानारी, बाटेझू अशी नावं दिली. सैतान होते तिथेच राहिले. आपला 2013 चा जादूटोणाविरोधी कायदासुद्धा अघोरी कृत्यांवर आहे, फासे टाकण्यावर नाही.

पहिला आक्षेप अर्धा मान्य. 1974 च्या पहिल्या डी अँड डीपासून क्लेरिक (पुजारी) वेगळा आणि जादूगार वेगळा. एकाची शक्ती देवाकडून येते, दुसऱ्याची पोथीतून. ही भिंत आपली नाही. तंत्रातली षट्कर्मं बघा: शांती, वशीकरण, स्तंभन, विद्वेषण, उच्चाटन, मारण. शांती आणि मारण एकाच पंगतीला बसलेत! मी ती भिंत न तपासता उचलली, चूक माझीच. पुढच्या भागापासून माझ्या देवस्थानातला पुजारी आणि गावाबाहेरचा मांत्रिक एकाच गुरूकडे शिकलेले असतील.

पण 'बंदी नव्हतीच' हे काही पटत नाही. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात अभिचाराला, म्हणजे मंत्राने दुसऱ्याचं वाईट करण्याला, 200 पण (त्या काळचं नाणं) दंड सांगितलाय. अकराव्यात अभिचार उपपातकांत, म्हणजे दुय्यम पापांत, मोजलाय. आणि त्याच अकराव्या अध्यायात ब्राह्मणाला मुभा आहे: अथर्वाचे मंत्र बेलाशक वापर, वाणी हेच तुझं शस्त्र, त्याने शत्रू मार. काम तेच, एकाला दंड आणि दुसऱ्याला हक्क. मला सेटिंगमध्ये, म्हणजे खेळाच्या जगात, हवी आहे ती ही गोम. जादू वाईट की चांगली हा वाद दोन सेशनमध्ये शिळा होतो. बंदी कोणी घातली आणि स्वतःला त्यातून कसं वगळलं, हा वर्षभर पुरतो.

1991 साली आलेल्या डार्क सन या डी अँड डीच्या काल्पनिक जगात हे झकास जमलंय. त्या जगात देवच नाहीत. बेफिकीर जादूगार मंत्र टाकतो तेव्हा आसपासच्या झाडाझुडपांचा जीव शोषला जातो, मातीची राख होते. नगरांचे राजे जादूवर बंदी घालतात, आणि सगळ्यात जास्त राख याच राजांनी केलेली असते! त्यांचे टेम्पलर (राजांचे पुजारी-अधिकारी) मात्र राजाकडून मिळालेले मंत्र उजळमाथ्याने वापरतात. बंदीचं कारण खरं, बंदी घालणारा लबाड. तुम्ही हे सेटिंग खेळला नसाल तर जरूर खेळा.

आता आमच्या चरईतल्या टेबलावर गेल्या रविवारी काय झालं ते सांगतो. पार्टीतल्या, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीतल्या, वैदूबाईसमोर साप चावलेला पोरगा आणला. विष थोपवायला स्तंभन लागतं आणि स्तंभनावर देवस्थानाच्या महंताची बंदी. तिने वीस बाजूंचा फासा टाकला, 17 पडले. पोरगा वाचला, अख्ख्या गावाने पाहिलं. सगळ्यांना वाटलं, आता बेड्या. रात्री महंताचा कारभारी एकटाच आला, चपला बाहेर काढून ओट्यावर टेकला आणि हळूच विचारलं, "बाई, हेच राजाच्या धाकट्या भावाच्या श्वासावर लावता येईल का?"

टेबलावर चिडीचूप. वडापावची चटणी कॅरेक्टर शीटवर सांडली होती, ती पुसायला कोणी हात पुढे केला नाही. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, मीच, पण मलाही ती काय म्हणणार ते माहीत नव्हतं. तिने कारभाऱ्याला पाणी दिलं आणि सकाळपर्यंतचा वेळ मागितला. तिथेच सेशन थांबवलं, कारण एकाला शेवटची ऐरोली बस पकडायची होती.