भंगाराचा मोर आणि वेफर्सचं पाकीट

हल्ली चौक सुशोभीकरण म्हटलं की भंगाराचा मोर ठरलेला. नाहीतर सिंह. बाइकच्या चेन, गिअर, नटबोल्ट वेल्डिंग करून जोडायचे, वर सोनेरी रंग मारायचा आणि खाली पाटी लावायची, 'कचऱ्यातून कला, पर्यावरणाचा संदेश'. कारागिरांबद्दल आदरच आहे. पण लोखंड कचरा कधीपासून झालं? त्याला किलोवर भाव आहे. भंगारवाला दारात येऊन पैसे मोजून नेतो आणि ते वितळून परत कामाला लागतं.

दिल्लीत सराय काले खानला २०१९ मध्ये 'वेस्ट टू वंडर' पार्क उघडलं. ताजमहाल, आयफेल टॉवर, पिसाचा मनोरा, सगळं भंगारातून. फोटोला झकास! पण तिथे लोक आयफेल टॉवर बघतात, भंगार कुणाच्या डोळ्यात भरतं?

चंदीगडचं रॉक गार्डन बघा. शिमला-मनालीच्या टूरमध्ये आपली मंडळी ते तासाभरात उरकतात, कारण खाली बस थांबलेली असते. ते उभं करणारे नेकचंद हे बांधकाम खात्यातले रोड इन्स्पेक्टर. नवं शहर वसवायला जी गावं पाडली, त्यांचा राडारोडा सायकलवरून आणून १९५७ पासून सुखना तलावाजवळच्या सरकारी जंगलात गुपचूप मांडत होते. अठराएक वर्षं साहेबांना पत्ता नाही! उघडकीस आल्यावर पाडायचीच भाषा होती, पण लोक पाठीशी उभे राहिले आणि १९७६ मध्ये बाग सर्वांना खुली झाली. तिथल्या बायकांच्या पुतळ्यांजवळ जा. अंगावरचे कपडे म्हणजे फुटक्या बांगड्यांचे तुकडे, सिमेंटात दाटीने रोवलेले. भिंतींत कपबशांच्या कपच्या, संडासाची फुटकी भांडी. यातलं काहीही कुठल्या भंगारवाल्याने घेतलं नसतं. (२०२५ मध्ये रस्ता रुंद करायला याच बागेची भिंत पाडली, तो वेगळा संताप.)

आज कवडीमोलाचा कचरा कोणता, हे कचरावेचक बाईला विचारा. पाण्याची बाटली ती उचलते, वेफर्सचं पाकीट तिथेच सोडते. प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर असे चिकटवलेले असतात की वेगळे करणं परवडतच नाही. शाम्पूचे पाऊच तसेच, गुटख्याच्या पुड्याही तशाच. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे म्हणे, पुड्या मात्र गटारात रोज ताज्या!

तेव्हा नगरपालिकेला मोर करायचाच असेल तर या पाकिटांचा करावा. वर रंग नको, कंपन्यांची नावं लांबून वाचता आली पाहिजेत. मग उद्घाटनाला प्रायोजक कोण मिळतो, तेवढं मला कळवा.