‘एक जुना श्रोता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मॅनफ्रेड मॅन या साठच्या दशकातल्या ब्रिटिश बँडवरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलेलं वाचलं. दोन दिवस मुद्दाम थांबलो, रागात लिहायचं नव्हतं म्हणून. राग अजून पुरता गेलेला नाही.

त्यांचं ‘प्रिटी फ्लेमिंगो’ हे गाणं १९६६चं. मी १९६५ लिहिलं होतं. चूक माझी, लेखात दुरुस्त केली आहे. पण ती दाखवताना ‘निदान गूगल तरी करायचं’ हे कशाला?

आता तुमचं ते वाक्य. ‘पॉल जोन्स गेला तिथेच मॅनफ्रेड मॅन संपलं, उरलेल्यांनी नाव विकून पोट भरलं.’ अहो, नाव होतं कोणाचं? जोहान्सबर्गहून लंडनला आलेल्या, कीबोर्डवर बसणाऱ्या माणसाचं. गायक जोन्सचं ते कधीच नव्हतं. जोन्स १९६६च्या जुलैत गेला. त्याच उन्हाळ्यात बेस गिटार वाजवणारा जॅक ब्रूस क्रीम या नव्या बँडसाठी गेला, आणि रेकॉर्ड कंपनीही बदलली. एवढी पडझड झाल्यावर माइक डाबो गायला उभा राहिला आणि वर्ष संपायच्या आत ‘सेमी-डिटॅच्ड सबर्बन मिस्टर जेम्स’ ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेलं. १९६८च्या फेब्रुवारीत ‘माइटी क्विन’ पहिल्या. गाणं बॉब डिलनचं, पण तोवर त्याने स्वतः ते बाजारात आणलेलंही नव्हतं. यात नुसतं नाव कुठे विकलं गेलं, ते दाखवा.

‘पोट भरलं’ हे मला का लागलं, तेही सांगतो. मी अकरा वर्षं ठाण्याच्या एका ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवला. एका वर्षी ऐन गणपतीच्या तोंडावर आमचा मुख्य गायक सोडून गेला. सोळा सुपाऱ्या घेतलेल्या, ॲडव्हान्स खर्च झालेला. नव्या मुलाची पट्टी वेगळी, त्यामुळे सगळी गाणी पुन्हा बसवायला आठ रात्री जागलो. पहिल्याच कार्यक्रमात मांडवातून कोणीतरी ओरडलं, ‘जुना कुठाय?’ त्या पोराचा चेहरा मी विसरलेलो नाही. तुम्ही तेच ओरडताय, फक्त घरात बसून. पोट आम्हीही भरलं. त्यात लाज वाटावी असं मला काही दिसत नाही.

सुरुवातीचा ब्लूज आणि जॅझ पुढे पातळ झाला, हा तुमचा मुद्दा आवडीनिवडीचा आहे; त्यात मी शिरत नाही. ध्वनिमुद्रणाबद्दल तुम्ही लिहिलंत, तेही सोडून देतो.

पुन्हा जरूर लिहा. त्याआधी ‘माइटी क्विन’ एकदा नीट ऐका. त्यातली फ्लूट ब्रूसच्या जागी आलेल्या क्लाउस फूरमानची आहे, आणि तोही जोन्स गेला त्याच वर्षी आलेला.