मणिभवन आणि गॅलरीतला माणूस

डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. पोस्ट लांबणार, आधीच सांगते.

आज गावाकडच्या पाहुण्यांना गावदेवीचं मणिभवन दाखवायला नेलं होतं. दुसऱ्या मजल्यावर काचेपलीकडे गांधींची खोली: गादी, तक्क्या, चरखा. तिथे उभं राहून आमच्यातलेच एक म्हणाले, "दुसऱ्याच्या बंगल्यात फुकट राहायचं आणि वर साधेपणा!" सगळे हसले. मी गप्प बसले. राग त्याचाच जास्त आलाय.

राहिले ना दुसऱ्याच्या घरी! १९१७ ते १९३४, मुंबईत आले की बहुतेक मुक्काम इथेच. घर रेवाशंकर जगजीवन झवेरींचं. मोठ्या दुखण्यातून उठताना याच घरात चरख्याची गुणगुण सुरू झाली, तिनेही मला बरं केलं, असं गांधींनी आत्मकथेत लिहिलंय. आणि ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे गांधींना पकडायला पोलीस थेट गच्चीवरच्या तंबूत! असा पाहुणा ठेवून बघा एकदा घरात. आपल्याकडे मेहुणा आठवडाभर राहिला तर तोंडं वाकडी होतात.

माझे बाबा शिकायला मुंबईत आले ते गिरगावात आत्याकडे. दीड खोली, माणसं आठ. बाबांना रात्री दिवा लावून वाचता यावं म्हणून आत्याचे यजमान, म्हणजे आमचे काका, चार वर्षं गॅलरीत झोपले. पावसाळ्यातसुद्धा.

बरं, गांधींचा साधेपणा भोवतालच्यांना महाग पडायचा, मान्य. झवेरी पैसेवाले होते आणि आमचे काका छापखान्यात कंपोझिटर, हेही मान्य. तुलना ओढूनताणून आहे. असू दे.

पण बाबांच्या साठीला काय भाषणं झाली! जिद्द काय, कष्ट काय, स्वतःच्या पायावर उभं राहणं काय. काका तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. गॅलरीचं कुणी काढलं नाही. बाबांनीही नाही. मीही नाही, आणि आज त्या पाहुण्यांवर चिडायला निघालेय.

काका आता नाहीत. घरी आल्यावर आत्याला फोन लावला. म्हटलं, पावसात काका ताडपत्री लावून झोपायचे ना गं?

"ताडपत्री कुठली? मेणकापड होतं. तेही गळायचं मेलं."