ईसीजी नॉर्मल आला म्हणजे वर्षभर बिनघोर?

शाहू स्टेडियमवरचा सीझन जवळ आला की तालमींच्या आणि फुटबॉलच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो: ‘ईसीजी काढा. नॉर्मल आला तर वर्षभर हार्टची काळजी नाही. मशीनने ॲबनॉर्मल छापलं तर खेळ बंद. पळताना चक्कर आली तर तो अशक्तपणा, ग्लुकोज घ्या.’ मी कोल्हापुरात बरीच वर्षं कार्डिओग्राम काढतोय. ईसीजी काढा, एवढंच यातलं बरोबर आहे.

नॉर्मल म्हणजे काळजी नाही, हे आधी घेतो. ईसीजीची कागदी पट्टी सेकंदाला २५ मिलिमीटर सरकते आणि आम्ही साधारण १० सेकंद पकडतो. तेही पोरगं पडून असताना. सीपीव्हीटी नावाच्या आनुवंशिक आजारात अशी पट्टी अगदी साफ येते आणि ठोके बिघडतात ते श्रमात किंवा घाबरल्यावर. १९९२ मध्ये ब्रुगाडा या हृदयरोगतज्ज्ञ बंधूंनी मांडलेल्या आजारात छातीच्या पहिल्या दोन-तीन लीडमध्ये, म्हणजे तिथल्या वायरींच्या नोंदीत, एसटीचा भाग (ठोक्याच्या मोठ्या टोकानंतरची रेषा) वर उचलला जाऊन उताराने खाली येतो. पण ही खूण आज दिसते, उद्या नाही. ताप आला की उघडी पडते. व्ही-वन, व्ही-टू या छातीच्या पहिल्या दोन लीडचे चोषक एक-दोन फासळ्या वर लावले तर कधी कधी तेव्हाच दिसते.

मशीनने छापलेल्या ‘ॲबनॉर्मल’चं ऐकाल तर निम्मी तालीम घरी बसवावी लागेल. पहाटे उठून जोर-बैठका मारणाऱ्या पैलवानाचे ठोके मिनिटाला ४५ असू शकतात, एसटी थोडा वर असू शकतो. कसलेल्या हृदयात हे चालतं. एकदा एक पोरगं रडवेलं होऊन दुसरीकडची पट्टी घेऊन आलं. लीड वनमध्ये, म्हणजे दोन हातांमधल्या नोंदीत, सगळंच उलटं. मी परत काढली: लाल क्लिप उजव्या हाताला, पिवळी डाव्या. पट्टी सरळ आली. आधी हातांच्या क्लिपा अदलाबदल झाल्या होत्या, एवढंच.

म्हणून पट्टी निरुपयोगी आहे असं कुणी समजू नका. क्यूटी (खालच्या कप्प्यांत वीज पसरून परत शांत होईपर्यंतचा वेळ), ठोक्यांच्या वेगाप्रमाणे दुरुस्त करून, ५०० मिलिसेकंदांच्या पुढे गेला तर धोका खरा असतो. पीआर (वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत वीज पोचायचा वेळ) आखूड आणि क्यूआरएसच्या, म्हणजे मोठ्या टोकाच्या, पायथ्याशी तिरका चढ दिसला, तर हृदयातल्या विजेला जादा वाट आहे. ती बहुतेकदा कॅथेटरने (शिरेतून घातलेल्या बारीक नळीने) जाळून बंद करता येते. अशी पट्टी हृदयरोगतज्ज्ञाने डोळ्यांनी बघायला हवी, मशीनच्या दोन ओळींवर सोडायची नाही.

चक्करेचं वाक्य मला सगळ्यात जास्त टोचतं. खेळ संपल्यावर उभ्या उभ्या भोवळ येणं बहुतेकदा साधं असतं. पळता पळता, काही कळायच्या आत कोसळणं वेगळं. तिथे ग्लुकोज पाजून परत मैदानात सोडायचं नसतं. इको (हृदयाची सोनोग्राफी), होल्टर (दिवसभर अंगावर ठेवायचा ईसीजी), गरजेप्रमाणे स्ट्रेस टेस्ट (श्रम करवून काढलेला ईसीजी) होईपर्यंत खेळ थांबवायचा. घरात चाळिशीच्या आत कुणी अचानक गेलं का, हेही विचारायचं. मी विचारतो तेव्हा बाप बहुतेकदा ‘नाही’ म्हणतो. मग आई हळूच सांगते, ‘यांचा धाकटा भाऊ झोपेतच गेला होता की.’ हे वाक्य मी पट्टीच्या कडेला पेनाने लिहून मगच डॉक्टरांकडे पाठवतो.